पाळणाघरातली वाटी

दिवाळीनंतरची गोष्ट. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दालमिलमध्ये कामाला जाणारी एक तरुण आई आपल्या वीस महिन्यांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. तक्रार नेहमीचीच. "डाक्टरसाहेब, पोर काहीच खात नही. भूक लागायचं टॉनिक लिहून द्या."

मुलीचे वजन केले. ७ किलो ८०० ग्रॅम भरले. या वयाच्या मुलीचे सर्वसाधारण वजन साडेदहा किलोच्या आसपास असते. दंडाचा घेर मोजला, तो १२ सेंटीमीटर निघाला. हा घेर साडेबाराच्या खाली गेला की मध्यम कुपोषण आणि साडेअकराच्या खाली गेला की तीव्र कुपोषण समजतात. ताप नव्हता, खोकला नव्हता, जुलाब नव्हते. पापण्या मात्र आतून फिकट होत्या.

दिवसभर मुलगी कोठे असते, असे विचारले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा गल्लीतल्या एका मावशींकडे असते, असे कळले. या मावशी आपल्या घरीच पाच मुले सांभाळतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांनाही बोलावून घेतले. बाई मनाने चांगल्या, राहणी स्वच्छ, मुलगी त्यांच्या कडेवर निवांत बसलेली. मुलीला काय काय भरवता, असे विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितले. सकाळी अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटे. अकरा वाजता आईनेच पिशवीत दिलेले कुरकुरीत खाऊचे पाकीट. दुपारी वरणाचे पाणी आणि त्यात कुस्करलेला दोन घास भात. चार वाजता पुन्हा चहा-बिस्कीट. जळगावच्या दालमिलमधून देशाच्या अनेक भागांत डाळ जाते. त्याच गावात डाळ निवडणाऱ्या आईची मुलगी डाळीचे पाणी पिऊन दिवस काढत होती.

यात दोष कोणाचा? आई मावशींवर चिडली होती. मावशी म्हणत होत्या, "पोर मागतच नाही, तर मी काय करू?" आणि मी? खरे सांगायचे तर सुरुवातीची कितीतरी वर्षे अशा मुलांना मीही टॉनिकची बाटलीच लिहून देत होतो. मूल दिवसभर कोठे असते आणि तिथे काय खाते, हा प्रश्न मी विचारतच नव्हतो. त्या बाटल्यांचे पैसे डाळ-शेंगदाण्यांवर गेले असते तर अधिक बरे झाले असते, असे आता वाटते.

लहान मुलाचे पोट किती मोठे असते ते आधी समजून घेऊ. साधारण हिशेब असा, की मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिलिटर. म्हणजे आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम एक मोठी वाटी मावते. ती वाटी वरणाच्या पाण्याने भरली तर पोट भरते, पण अंगाला काहीच लागत नाही. चहाने भूक मरते, आणि चहातल्या द्रव्यांमुळे अन्नातले लोह रक्तात नीट शोषले जात नाही. पाकिटातला खाऊ तेल आणि मीठ देतो, त्यापलीकडे फारसे काही नाही. अशा मुलाला जेवायच्या वेळी भूक कोठून लागणार? मग "खात नाही" ही तक्रार सुरू होते.

मग माप काय धरायचे? ते शोधायला लांब जायला नको. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या आल्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तर अंगणवाडीच्या आहाराचे माप कायद्यातच लिहून ठेवले. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने. तीव्र कमी वजनाच्या मुलाला ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने. २०२३ मध्ये त्यात सुधारणा होऊन आहारातली विविधता आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये यांवरही भर दिला गेला. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज हजार ते अकराशे कॅलरींची असते. म्हणजे सरकारी माप हे दिवसाच्या गरजेच्या साधारण निम्मे आहे. अंगणवाडीचा आहार घरच्या जेवणाला जोड म्हणून आहे, घरच्या जेवणाऐवजी नाही, हेही यावरून ध्यानात येईल.

अडचण पुढे आहे. गरम शिजवलेले अन्न अंगणवाडीत मिळते ते तीन वर्षांपुढच्या मुलांना. त्याहून लहान मुलांसाठी घरी न्यायचा शिधा मिळतो. पण नोकरी-मजुरी करणाऱ्या आईचे हे लहान मूल दिवसा घरी नसतेच. ते मावशींकडे असते, नाहीतर आजीजवळ असते. शिध्याचे पाकीट घरी येते, तिथे ते सगळ्यांचे होते, आणि कधी कधी म्हशीच्या आंबोणातही जाते. सहा महिने ते दोन वर्षे हे वय वाढीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक, आणि नेमके तेच मूल दिवसाचे नऊ तास कोणत्याच मापात बसत नाही.

म्हणून माझे मत असे आहे, की जे माप अंगणवाडीला, तेच माप घरगुती पाळणाघराला. नऊ तास मूल ज्या घरात राहते, त्या घरात त्याच्या पोटात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने गेलीच पाहिजेत.

हे ऐकून मावशी घाबरल्या. "एवढ्या पैशात मी काय काय करू?" मग आम्ही दोघांनी कागद घेऊन हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण तो कोणालाही जमण्यासारखा आहे.

सकाळी साडेनऊला कळण्याच्या भाकरीचा चतकोर कपभर दुधात कुस्करून. आपल्या खान्देशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळणा करतात. धान्य आणि डाळ एकत्र आली की दोघांची प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आजी-पणजीने हे कोणत्याही पुस्तकाशिवाय ओळखले होते. दुपारी साडेबाराला दोन मोठे चमचे तांदूळ आणि एक मोठा चमचा मूगडाळ यांची घट्ट, मऊ खिचडी, त्यात शिजताना मूठभर पालक किंवा मेथी आणि वरून चमचाभर तेल. एका बैठकीत संपली नाही तर उरलेली तासाभराने भरवावी. दुपारी साडेतीनला एक केळे कुस्करून त्यात दोन चमचे शेंगदाण्याचा बारीक कूट. एवढ्यात सुमारे ५०० कॅलरी आणि १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने होतात. ज्यांच्या घरी चालते त्यांनी उकडलेले अंडे द्यावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात.

केळ्याने सर्दी होते, असे म्हणून आपल्याकडे कित्येक आया मुलांना केळे देत नाहीत. सर्दी विषाणूने होते, केळ्याने नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरगावचे लोक आपली केळी खातात आणि आपली मुले पाकीट खातात, हे बरे नव्हे. शासनाच्या अमृत आहार योजनेतही आदिवासी भागातल्या मुलांना अंडी किंवा केळी देण्याची तरतूद आहे.

आता पैशाचे बोलू. महिन्याचे २६ दिवस धरले तर एका मुलाला सुमारे ८०० ग्रॅम तांदूळ, ४०० ग्रॅम मूगडाळ, पाव किलो शेंगदाणे, अर्धा किलो कळण्याचे पीठ आणि दीडशे ग्रॅम तेल लागते. शिवाय रोजचे केळे आणि कपभर दूध. मी पाचही मुलांच्या आयांना निरोप धाडला. दोघी आल्या, तिघी आल्या नाहीत. ठरले असे, की कोरडा शिधा आईने महिन्याच्या पहिल्या तारखेला मावशींकडे पोचवायचा आणि दूध-केळ्यासाठी थोडे पैसे वाढवून द्यायचे. पिशवीतले पाकीट बंद. एका मुलाचे वडील म्हणाले, "घरी आम्ही सगळं देतो, मग वेगळं कशाला?" त्यांना मी एवढेच विचारले, की आठवड्यातले सहा दिवस जागेपणीचे बहुतेक तास मूल ज्या घरात असते, तिथले खाणे वेगळे कसे? सांभाळण्याचे पैसे द्यायचे आणि खाण्याचे द्यायचे नाहीत, हा हिशेब मुलाच्या वजनातून वसूल होतो.

काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत, आपलेही आणि मुलाचेही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, सकाळचे संध्याकाळी तर मुळीच देऊ नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे लहान मुलाच्या हाती देऊ नयेत; ते श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवू नये. दुधाची बाटली नको, वाटी-चमचा वापरावा. प्रत्येक मुलाची वाटी वेगळी असावी, म्हणजे कोणी किती खाल्ले ते कळते. घरी आल्यावर आईने अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही खुशाल पाजावे.

धुळ्याच्या देवपूर भागात माझ्या नात्यातल्या एक बाई अशीच मुले सांभाळतात. त्यांच्याकडे एक साधी वही आहे. कोणी काय खाल्ले, किती खाल्ले, हे त्या रोज दोन शब्दांत लिहितात आणि संध्याकाळी आईला दाखवतात. मला ही पद्धत फार आवडली. त्यामुळे आई आणि सांभाळणारी यांच्यातली निम्मी भांडणे मिटतात, आणि मूल आजारी पडले तर डॉक्टरलाही वहीचा उपयोग होतो.

खेड्यात पाळणाघर नसते, आजी असते. कापूस वेचणीच्या दिवसांत चोपडा, यावल, शिरपूर, साक्रीकडच्या आया पहाटे शेतात जातात, आणि दीड वर्षाचे मूल आजीजवळ किंवा पाच-सात वर्षांच्या बहिणीजवळ राहते. तिथेही हेच माप लागू आहे. निघण्यापूर्वी आईने मुलाची वाटी वेगळी काढून आजीला दाखवून जावे. एवढ्या घाईत हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, हे मी जाणतो. म्हणूनच कामाच्या ठिकाणाजवळ पाळणाघरे हवीत. २०२२ मध्ये केंद्राने मिशन शक्तीखाली पाळणा योजना आणली. तीत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसभर सांभाळण्याची आणि आहाराची सोय आहे. आपल्या लोकप्रतिनिधींनी ती आपल्या तालुक्यात मागून घ्यावी.

काही मित्र म्हणतात, घरगुती पाळणाघरांना परवाना सक्तीचा करा. मला ते पटत नाही. परवान्याच्या धाकाने गरीब मावशी मुले लपवतील, आणि स्वस्तातली सोय बंद झाली तर आईची रोजी बुडेल. त्यापेक्षा अंगणवाडी सेविकेने आपल्या वस्तीतल्या पाळणाघरातली मुलेही महिन्याच्या वजनाच्या दिवशी काट्यावर आणावीत. अंगणवाडीच्या सेवा सर्व मुलांसाठी आहेत, त्यांना दारिद्र्यरेषेची अट नाही. अंगणवाडी हा शब्दच ताराबाई मोडक यांच्या कामातून आला. मुले शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यामागचा विचार. मग मावशींचे अंगण त्यातून का वगळावे?

त्या मुलीला मी लोहाचे औषध दिले, कारण ते तिला खरोखर हवे होते. टॉनिक दिले नाही. दोन महिन्यांनी ती आली तेव्हा वजन साडेआठ किलो होते. अजून बरीच मजल बाकी आहे. मावशी अधूनमधून चहा देतातच, हे मुलीनेच बोबड्या बोलांत सांगून टाकले. न आलेल्या तिघींपैकी एकीने मात्र आता शिधा द्यायला सुरुवात केली आहे.

वाचकांनो, तुमचे मूल, नातू, भाचा दिवसभर कोणाकडे राहत असेल, तर आज संध्याकाळी त्याला आणायला जाताना एकच प्रश्न विचारा: आज वाटीत काय होते? उत्तर चहा-बिस्कीट असे आले तर चिडू नका. दुसऱ्या दिवशी पिशवीत पाकिटाऐवजी डाळ-तांदूळ घेऊन जा.