भाऊबंदकी आणि वाटणी

धर्माच्या रकान्यात आम्ही ‘बौद्ध’ लिहू. पण जातीच्या रकान्यात काय लिहावे? अलीकडे दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत हा प्रश्न आज वारंवार निघतो. केंद्र सरकारने पुढील जनगणनेत सर्व जातींची मोजणी करण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. १९३१ नंतर अशी मोजणी झालेली नाही. तेव्हा ज्या नावाचा त्याग करून आपण त्रिशरण घेतले, तेच नाव पुन्हा सरकारी कागदावर लिहून द्यावयाचे काय, ही मनाची घालमेल स्वाभाविक आहे.

कायद्याच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. धर्म बौद्ध लिहावा आणि अनुसूचीतील आपली जात नि:संकोचपणे नोंदवावी. परंतु हे उत्तर सोपे व्हावयास किती वर्षे लागली, ते नव्या धम्मबांधवांना ठाऊक असले पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ साली शिखांना तो मिळाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास लक्षावधी माणसे बौद्ध झाली आणि केंद्राच्या दृष्टीने त्या सवलतींस मुकली. महाराष्ट्र राज्याने स्थापनेनंतर आपल्या अखत्यारीतील सवलती त्यांना दिल्या. केंद्राची दारे मात्र १९९० पर्यंत बंदच राहिली. चौतीस वर्षे! एक संपूर्ण पिढी त्यात खपली. काहींनी घरात तथागतांची प्रतिमा लावली आणि पोटासाठी कागदावर जुनाच धर्म ठेवला. त्यांना आज नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. तरीही १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत जेथे अवघे २,४८७ बौद्ध मोजले गेले होते, तेथे १९६१ साली २७,८९,५०१ मोजले गेले. नुकसान डोळ्यांसमोर दिसत असता इतक्या माणसांनी स्वाभिमानाच्या बाजूने नोंद केली.

या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. बौद्ध ही आमची ओळख आहे. जात हा आमच्यावर झालेल्या अन्यायाचा दाखला आहे. दाखला पेटीत जपून ठेवावा, प्रसंगी कचेरीत दाखवावा. तो कोणी गळ्यात बांधून मिरवीत नाही. हा भेद आम्ही दुसऱ्यांना फार चांगला समजावून सांगतो. आता तो स्वत:ला समजावून घेण्याची वेळ आली आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने निर्णय दिला की, अनुसूचित जातींमध्ये राज्यांना उपवर्गीकरण करता येईल. २००४ सालचा उलट निर्णय त्याने रद्द झाला. अट अशी की, अधिक मागासलेपणाचा पुरावा आकडेवारीने द्यावा लागेल आणि सर्वच्या सर्व जागा एका गटास देऊन इतरांना वगळता येणार नाही. तेलंगणाने १४ एप्रिल २०२५ पासून, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, आपल्या एकोणसाठ जातींचे तीन गट करून पंधरा टक्क्यांची वाटणी एक, नऊ आणि पाच अशी अमलात आणली. महाराष्ट्रातही मातंग समाजाची ही मागणी जुनी आहे. या राज्यातील अनुसूचित जातींत निम्म्याहून अधिक लोक पूर्वाश्रमीचे वा आजचे महार आहेत, तर मातंग सुमारे एक पंचमांश. या दुसऱ्या समाजास आपला वाटा पोहोचत नाही असे वाटते. २००३ साली शासनाने लहुजी साळवे आयोग नेमला तो याच समाजाच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी.

आमच्या वस्त्यांत या निर्णयाचे स्वागत कसे झाले? ‘फोडा आणि झोडा’ असा एकच शब्द बहुतेक सभांतून ऐकू आला. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. मते विभागण्यासाठी जातींना एकमेकींविरुद्ध उभे करणारे राजकारण या महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहे, आणि उद्या एखादा पक्ष मातंगांच्या हाती वाटणीचा कागद देऊन बौद्धांकडे बोट दाखवील, हेही अशक्य नाही. परंतु मागणी करणारा तेवढ्याने शत्रू ठरतो काय? आमच्या जखमेची मोजदाद व्हावी म्हणून आम्ही चौतीस वर्षे भांडलो. शेजाऱ्याने आपली जखम निराळी मोजा म्हटले की ती मात्र फूट, हा न्याय कोणत्या पंचशीलात बसतो?

येथे थोडे आपल्या घरात डोकवावे लागेल. महारांच्या साडेबारा पोटजाती मोडून आपण बौद्ध झालो खरे. पण मुलीचे स्थळ पाहताना सोमवंशी की लाडवण, ही चौकशी अजून कानी येते. घरची वडील माणसे ती करतात आणि शिकलेली मुले गप्प बसतात. मातंग कुटुंबाने दीक्षा घेतली तर विहारात त्याचे स्वागत होते. त्याच्या घरी सोयरीक करावयास कितीजण पुढे येतात, हे ज्याने त्याने आपल्या वस्तीत मोजून पाहावे. बौद्ध या नावाचा अर्थ शेजाऱ्याच्या कानाला ‘महार’ असाच ऐकू येत असेल, तर दोष केवळ त्याच्या कानाचा नाही.

आणि हा शेजारी कोण आहे? १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दु:खाविषयी निबंध लिहिणारी फुले दाम्पत्याच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे ही मातंगांची मुलगी. दोन्ही समाजांची नावे तिने एकाच मथळ्यात घातली. ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण करणारे अण्णाभाऊ साठे त्याच समाजातले. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ मराठवाड्यात घरे जळू लागली, तेव्हा नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. तेही मातंग होते. ज्या नावासाठी त्यांनी प्राण दिले त्या नावाचे विद्यापीठ १४ जानेवारी १९९४ रोजी झाले. त्यांच्या नातवंडांनी आरक्षणात आपला वाटा मागितला, तर त्यांना फुटीर म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

उपवर्गीकरणाने प्रश्न सुटेलच असे आमचे मत नाही. भाकरी लहान होत असता तिचे तुकडे कसे करावेत यावर भावाभावांत भांडण जुंपते. भाकरी लहान कोण करतो, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. कायम नोकऱ्यांच्या जागी कंत्राटी माणसे येत आहेत, राखीव पदे रिकामी राहत आहेत. म्हणून वाटणीची चर्चा करावयाची तर आधी आकडे मागावेत: कोणत्या खात्यात, कोणत्या श्रेणीत, कोणत्या जातीची किती माणसे आहेत, आणि किती जागा कोणालाच मिळालेल्या नाहीत. हे आकडे बौद्धांना गैरसोयीचे निघाले तरी ते मागण्यात आम्ही पुढे असले पाहिजे. ते मागण्याचा अर्ज बौद्ध आणि मातंग या दोन्ही वस्त्यांच्या सह्यांनी गेला, तर फोडणाऱ्यांचे निम्मे काम तेथेच थांबेल.

सदर निर्णयाची तारीख १ ऑगस्ट, आणि अण्णाभाऊंचा जन्मही १ ऑगस्टचाच, १९२० सालचा. वर्षावासाचा हा काळ असतो. संध्याकाळी विहारात माणसे जमतातच. त्या दिवशी प्रत्येक विहार समितीने शेजारच्या मातंग वस्तीतील बायाबापड्यांना, तरुणांना घरी जाऊन निमंत्रण द्यावे आणि निर्णयाचा मराठी सारांश मोठ्याने वाचावा. त्यानंतर प्रथम त्यांना बोलू द्यावे. आपल्याकडील वक्त्यांनी त्या सभेत शेवटी बोलावे, आणि थोडक्यात.