आधी हवेचा मार्ग, मग विजेचा

कपडे वाळवण्याचे घरगुती यंत्र, म्हणजे ड्रायर, हे मुळात उष्णता देणारे यंत्र आहे असा सर्वसाधारण समज असतो आणि त्यामुळे ते नीट चालेनासे झाले की दुरुस्तीस बसलेल्या माणसाचा हात प्रथम हीटरकडे जातो. परंतु या यंत्राचे खरे काम हवा वाहती ठेवण्याचे आहे आणि उष्णता लागते ती पाण्याचे बाष्प करण्यापुरती. धुऊन पिळलेल्या कपड्यांत तीन किलो पाणी उरले आहे असे धरले, तर दर किलोमागे सुमारे २,४०० किलोज्यूल या हिशेबाने त्याच्या बाष्पीभवनासाठी साधारण दोन युनिट वीज खर्ची पडते. एवढी उष्णता पुरवली, पण तयार झालेले बाष्प आतच कोंडून राहिले, तर कपडे गरम होतात आणि ओलेच राहतात. आषाढात कोकणातील घराच्या पडवीत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात त्याचेही कारण हेच असते, कारण तेथील हवा उबदार असली तरी आधीच बाष्पाने भरलेली असते. ड्रायरच्या दुरुस्तीचा विचार हवेच्या वाटेपासून सुरू झाला पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

येथे ज्या ड्रायरचा विचार केला आहे तो अमेरिकेतील घरांत आढळणारा, गरम दमट हवा नळीवाटे घराबाहेर सोडणारा विजेचा ड्रायर होय. महाराष्ट्रातील सेमी-ऑटोमॅटिक धुलाईयंत्रात शेजारी जो ड्रायर असतो, तो कपडे केवळ वेगाने फिरवून पाणी पिळून काढतो. त्याच्यात हीटर नसतो आणि त्याचे बिघाड बहुतेक वेळा झाकणाचा स्विच, ब्रेकची तार किंवा कपॅसिटर एवढ्यांपुरतेच असतात. अमेरिकेत मात्र हिवाळ्यात दोरीवर कपडे गोठतात, आणि याच अडचणीतून नॉर्थ डकोटातील जे. रॉस मूर यांच्या प्रयत्नांना सुरुवात झाली. त्यांच्या कल्पनेवर आधारलेला ड्रायर विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स येथील हॅमिल्टन कंपनीने १९३८ मध्ये ‘जून डे’ या नावाने बाजारात आणला. पुढे अनेक वसाहतींच्या रहिवासी संघांनी अंगणात दोरी बांधण्यासच बंदी घातली. फ्लोरिडा, कोलोरॅडो, व्हरमाँट अशा काही राज्यांना दोरीचा हक्क राखण्यासाठी कायदे करावे लागले, यावरून ही बंदी किती पसरली होती ते कळते. तेथे स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे यंत्र अपरिहार्य होऊन बसते, आणि त्याची देखभाल कशी करावी हे घरातील वडीलधाऱ्यांकडून शिकण्याची सोय त्यांना नसते, कारण त्या वडीलधाऱ्यांनी ते वापरलेलेच नसते.

या यंत्राची रचना आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. एकच मोटर असते आणि तिचा दांडा दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. एका टोकाला ब्लोअर, म्हणजे हवा खेचणारा पंखा, बसवलेला असतो आणि दुसऱ्या टोकाच्या बोटभर जाडीच्या पुलीवरून एक लांब, पातळ बेल्ट निघून संपूर्ण ड्रमला वेढा घालतो. मोटर मिनिटाला सुमारे १,७०० फेरे घेते, ड्रम पन्नासच्या आसपास. वेगातील ही घट पुली आणि ड्रम यांच्या व्यासांतील फरकामुळेच साधते, त्यासाठी दातेरी चाके लागत नाहीत. ब्लोअर हवा खेचतो तेव्हा खोलीतील हवा हीटरच्या पेटीतून तापून ड्रममध्ये शिरते, कपड्यांतील बाष्प उचलते, लिंटच्या जाळीतून गाळली जाते आणि चार इंची नळीतून घराबाहेर पडते. लिंट म्हणजे कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू. ते अत्यंत हलके, कोरडे आणि सहज पेट घेणारे असतात, आणि जाळी त्यांतील सगळे अडवू शकत नाही.

उष्णता येत नाही ही सर्वांत वारंवार ऐकू येणारी तक्रार आहे, आणि तिचा उलगडा करण्यासाठी तेथील वीजपुरवठ्याची रीत समजून घ्यावी लागते. अमेरिकेतील घरात दोन फेज तारा येतात. त्यांपैकी कोणतीही एक आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १२० व्होल्ट, तर त्या दोहोंच्या मध्ये २४० व्होल्ट इतका दाब असतो. मोटर, दिवा आणि टायमर १२० व्होल्टवर चालतात, हीटर मात्र २४० व्होल्टवर चालतो. म्हणून दुहेरी ब्रेकरचा एकच भाग तुटला, किंवा प्लगमधला एक जोड जळाला, आणि ती तार मोटरची नसली, तर ड्रम फिरतो, दिवा लागतो, हवाही वाहते, फक्त ऊब येत नाही. यासाठी यंत्र उघडण्यापूर्वी ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करून पाहणे हा शहाणपणाचा पहिला उपाय ठरतो. अनेकांनी नवा हीटर विकत आणून बसवल्यावर मूळ दोष भिंतीतल्या पेटीत सापडलेला असतो.

ब्रेकर ठीक असेल तर प्लग काढून, यंत्र वीजरहित करून, मल्टिमीटरने, म्हणजे दाब, प्रवाह आणि रोध मोजणाऱ्या हातातल्या उपकरणाने, एकेक भाग तपासावा लागतो. तपासताना त्या भागाची निदान एक तार सोडवलेली असावी, नाहीतर दुसऱ्या वाटेने फिरून येणारा प्रवाह खोटे मोजमाप दाखवतो. साधारण ५,४०० वॉटच्या हीटर कॉइलचा रोध १० ते ११ ओहम भरतो. मीटरने अनंत रोध दाखवला तर कॉइल तुटली असे समजावे. याच वेळी कॉइल आणि तिची धातूची पेटी यांच्यामध्येही मोजमाप घ्यावे, कारण तुटलेले टोक पेटीला टेकले तर थर्मोस्टॅटला वळसा घालून प्रवाह वाहू लागतो आणि ड्रम फिरत असेपर्यंत, थंड हवेची कळ दाबलेली असली तरीही, हीटर तापतच राहतो. हा दोष तुलनेने कमी आढळतो, परंतु कपडे करपण्यापर्यंत मजल नेणारा असल्याने तो तपासल्याविना यंत्राचे झाकण पुन्हा लावू नये.

कॉइल शाबूत असूनही उष्णता नसेल तर संशय रक्षक भागांवर जातो. थर्मोस्टॅट हा ठरावीक तापमानाला हीटर बंद करणारा आणि थंडावल्यावर पुन्हा सुरू करणारा स्विच असतो. थर्मल फ्यूज मात्र एकदाच तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. एका प्रचलित बनावटीत तो ब्लोअरच्या आवरणावर बसवलेला असतो आणि ९१ अंश सेल्सिअसला तुटतो. काही यंत्रांत तो तुटल्यावर केवळ उष्णता थांबते, काहींत मोटरच सुरू होत नाही. हा भाग अतिशय स्वस्त असतो, दोन स्क्रू काढून बदलता येतो, आणि नेमके येथेच बहुतेक घरगुती दुरुस्त्या फसतात. नवा फ्यूज बसवला, यंत्र चालू झाले, काम संपले असे वाटते, आणि काही आठवड्यांत तो पुन्हा तुटतो. फ्यूज हा क्वचितच आपल्या दोषाने मरतो. थर्मोस्टॅट अडकून हीटर बंद होईनासा झाला, किंवा हवा पुरेशा वेगाने पुढे सरकेनाशी झाली, की तो तुटतो, आणि त्याचे तुटणे हीच यंत्राने दिलेली साक्ष असते. ही साक्ष न ऐकता फ्यूजच्या दोन तारा परस्पर जोडून टाकण्याचा सल्ला काही हौशी मंडळी देतात. तो सल्ला घराला आग लावण्याच्या तयारीसारखा आहे आणि त्याचा निषेधच केला पाहिजे.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी केलेल्या अंदाजानुसार, निवासी इमारतींत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत आणि त्यांत दरवर्षी पाच मृत्यू, सुमारे शंभर जखमी व साडेतीन कोटी डॉलरची हानी होत असे; त्यांमागचे सर्वांत मोठे एकटे कारण होते साफसफाई न करणे. म्हणून नळीची तपासणी हाच दुरुस्तीचा गाभा समजावा. ती सोपीही आहे. विजेच्या ड्रायरची नळी यंत्राच्या मागून सोडवून, दमट हवा खोलीत येऊ देत, थोडेसे ओले कपडे घालून यंत्र काही मिनिटे लक्ष ठेवून चालवले आणि कपडे झपाट्याने वाळू लागले, तर यंत्र निर्दोष असून नळी तुंबली आहे असा निष्कर्ष निघतो. गॅसच्या ड्रायरवर हा प्रयोग कदापि करू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचेल.

नळी कशी असावी याविषयी तेथील आदर्श बांधकाम-संहितेचे नियम बारकाईचे आहेत आणि प्रत्येक नियमामागे लिंटचा अनुभव आहे. नळी आतून गुळगुळीत अशा धातूची असावी, कारण वळ्या-वळ्यांच्या नळीत प्रत्येक घडीला तंतू अडकतात. तिची कमाल लांबी ३५ फूट धरली आहे आणि काटकोनातील प्रत्येक वळणासाठी त्यातून सामान्यतः पाच फूट वजा करायचे असतात, यावरून एक वळण हवेला किती जड जाते ते ध्यानात येते. जोडांवर मारलेल्या स्क्रूंची टोके आत डोकावू नयेत आणि बाहेरच्या तोंडाला पक्षी येऊ नयेत म्हणूनही जाळी लावू नये, कारण काही महिन्यांत तीच जाळी लिंटची भिंत होते. त्याऐवजी हवेच्या जोराने उघडणारी आणि यंत्र थांबताच मिटणारी झडप असावी. जुन्या घरांत अजूनही दिसणारी पांढऱ्या प्लॅस्टिकची लवचीक नळी तर दिसताक्षणी काढून टाकावी. यंत्राच्या आतली लिंटची जाळीही दर वेळी नुसती झाडून भागत नाही. कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी कागदांचा मेणचट थर तिच्यावर बसतो आणि स्वच्छ दिसणाऱ्या जाळीतून हवा जाईनाशी होते. नळाखाली धरल्यावर जाळीवर पाणी साचून राहिले तर ती साबण आणि मऊ ब्रशने धुवावी. तोच थर ड्रममधील ओलावा मोजणाऱ्या दोन धातूपट्ट्यांवरही बसतो, त्यामुळे कपडे ओले असतानाच यंत्र ते वाळल्याचे समजून थांबते.

यांत्रिक बिघाड त्या मानाने सरळ असतात. मोटरचा गुणगुणाट ऐकू येतो पण ड्रम फिरत नाही, आणि हाताने तो नेहमीपेक्षा हलका फिरतो, याचा अर्थ बेल्ट तुटला. किंचाळल्यासारखा आवाज बहुधा ड्रम ज्यांवर टेकतो त्या रोलरांचा किंवा बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचा असतो. यंत्र उघडून ड्रम बाहेर काढलाच आहे तर बेल्ट, पुली आणि रोलर एकत्रच बदलावेत, कारण भागांपेक्षा उघडझाकीचे श्रम जास्त असतात. रोलरांना घरातले तेल घालू नये. त्यावर लिंट चिकटून लगदा होतो.

विजेच्या जोडांविषयी मात्र घाई परवडत नाही. हीटरमधून २२ अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो आणि सैल जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने किंचित ढिलाईदेखील टोके जाळते. काळवंडलेले टोक घासून पुन्हा लावू नये, उच्च तापमानाला टिकणारे नवे बसवावे. तारा सोडवण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि पत्र्याच्या धारदार कडांसाठी हातमोजे घालावेत. १९९६ पासून अमेरिकेच्या वीज-संहितेने नव्या जोडणीसाठी चार तारांची पद्धत, म्हणजे न्यूट्रल आणि अर्थिंग वेगळे ठेवणारी रचना, सक्तीची केली. जुना तीन तारांचा ड्रायर अशा घरात आणला तर वायर बदलताना न्यूट्रल आणि यंत्राचा सांगाडा यांना जोडणारी पट्टीही सोडवावी लागते, हे विसरले जाते.

गॅसच्या ड्रायरमध्ये बेल्ट, रोलर आणि नळीपर्यंतचे काम घरी करता येते, परंतु गॅसचा जोड जाणकारावर सोपवावा. उष्मापंपाच्या ड्रायरची गोष्ट वेगळी आहे. हे यंत्र हवा बाहेर न सोडता तिच्यातील बाष्प थंड करून पाणी वेगळे काढते आणि तीच उष्णता पुन्हा वापरते, त्यामुळे वीज बरीच कमी लागते. युरोपीय संघाने १ जुलै २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत फक्त असेच ड्रायर बसतात आणि सुटे भागही किमान दहा वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु याही यंत्रात हवेची वाट तुंबते, ती थंड पत्र्यांच्या घट्ट रांगांत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, आणि काही बनावटींत तो आपोआप धुतला जातो या भरवशावर त्याच्यापर्यंत हात पोचेल असे झाकणच ठेवलेले नसते. तेथे लिंट साचला की जवळजवळ संपूर्ण यंत्र सुटे करावे लागते, आणि इतक्या खटाटोपापेक्षा नवे घेणे बरे असे म्हणून चालते यंत्र भंगारात जाते. कंडेन्सरसमोर चार स्क्रूंचे एक झाकण सक्तीचे केले असते, तर सुटे भाग दहा वर्षे ठेवण्याच्या नियमाला खरा उपयोग लाभला असता.