व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की सही करून घरी न्यायचे? यापलीकडे तिसरा मार्ग आहे

परंडा किंवा उमरग्याकडचा रुग्ण सोलापूर-लातूरच्या आयसीयूत जातो. आठ-दहा दिवस व्हेंटिलेटरवर काढल्यावर डॉक्टर सांगतात, 'आता सुधारणेची आशा राहिलेली नाही.' नातेवाईक विचारतात, 'मग काय करायचं?' पुष्कळदा उत्तर येते, 'तुम्हीच ठरवा.' तुमच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या जातात. एक तर सगळे चालू ठेवा आणि बिल भरत राहा, नाही तर 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज'च्या कागदावर सही करून रुग्णाला घरी न्या.

या सहीबद्दल मला काळजी वाटते. ती झाली की उपचारांची जबाबदारी तुमच्यावर येते. ॲम्ब्युलन्समध्ये नळी निघते. घरी धाप लागली, वेदना वाढल्या, तर द्यायला औषध नसते. वर आयुष्यभर मनात राहते, की आपणच बाबांना मारले का?

प्रत्यक्षात कायदा तिसरा मार्ग देतो. तो मुंबईत सुरू झालेल्या एका प्रकरणातून निघाला. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये तिथेच हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने तो फेटाळला. रोज त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या, आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क न्यायालयाने कर्मचाऱ्यांचाच मानला. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील, हे त्याच निकालात मान्य झाले. अरुणा 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेल्या. स्वतः बोलू न शकणाऱ्या माणसासाठी कोण बोलणार, हा या प्रकरणातला प्रश्न आपल्या घरांतही तसाच येतो. आईची दोन वर्षे सेवा केलेली मुलगी म्हणते 'आता पुरे', आणि पुण्याहून काल आलेला भाऊ म्हणतो 'सगळं करा'.

9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण अटी इतक्या किचकट होत्या, की त्या पाळणे अवघड होते. 24 जानेवारी 2023 रोजी त्या सोप्या झाल्या. आता उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ मिळून रुग्णालयातच पहिले मंडळ बनवतात. मग वेगळे दुसरे मंडळ पुन्हा तपासते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचे असते. कुटुंबाची संमती लागते. अंमल करण्याआधी रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. त्यांची परवानगी मागावी लागत नाही. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येते. रुग्णाने आधी काही लिहून ठेवले नसेल, तरीही हा मार्ग खुला आहे.

याला वर्तमानपत्रे सरसकट 'इच्छामरण' म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे भारतात आजही गुन्हा आहे. इथे फक्त, ज्याचा उपयोग उरलेला नाही असा उपचार थांबतो आणि आजार आपल्या गतीने जातो. शुश्रूषा थांबत नाही. धाप, वेदना, घाबरेपणा यांवर औषध, तोंड ओले ठेवणे, कूस बदलणे हे सगळे चालू राहायला हवे. मॉर्फिनबद्दल बऱ्याच घरांत भीती असते, पण योग्य मात्रेत ते वेदना आणि धाप दोन्ही कमी करते. 2014 च्या कायदादुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे केले आहे. म्हणून 'घरी न्या' असे सांगितले, तर आधी विचारा: घरी त्रास वाढला तर कोणते औषध, किती द्यायचे आणि फोन कोणाला करायचा? कर्करोगाच्या रुग्णासाठी बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात, इतरांसाठी धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा.

अडचण अंमलबजावणीची आहे. छोट्या खासगी आयसीयूत दोन मंडळे जमवायला तज्ज्ञ कुठून आणायचे? अनेक डॉक्टरांना पोलीस केसची धास्ती वाटते, म्हणून तुमच्या सहीचा कागद त्यांना सोपा पडतो. तुम्ही मंडळाची मागणी लेखी द्या. जिल्ह्यातले वैद्यकीय महाविद्यालय यात पुढे आले, तर तालुक्यांतल्या कुटुंबांची मोठी सोय होईल, असे मला वाटते.

लिव्हिंग विल म्हणजे मृत्युपत्र नव्हे. त्यात शेती-घराचा विषय नसतो. शुद्धीत नसताना कोणते उपचार नकोत आणि तेव्हा कोणाचे ऐकावे, एवढेच त्यात असते. एकाहून अधिक विश्वासू माणसांची नावे द्यावीत. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करायचे. एक प्रत नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत द्यायची. ती सांभाळणारे अधिकारी महाराष्ट्रात नेमावेत, यासाठी मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते. गोव्यात 31 मे 2024 रोजी न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे लिव्हिंग विल नोंदवले. तुमच्या गावच्या कार्यालयात कदाचित कोणाला हे माहीत नसेल. तरी प्रत द्या आणि पोच घ्या.

एक प्रत घरच्यांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवा. मत बदलले तर ते कधीही लेखी रद्द करता येते. आणि रुग्ण शुद्धीवर असून स्वतः ठरवू शकत असेल, तर कागद बाजूला ठेवून त्यालाच विचारायचे असते.