प्रेमकथा लिहा, पण बांध कोरूं नका

बांध कोरणारा शेजारी कसा असतो हें शेतकऱ्याला समजावून सांगावें लागत नाहीं. तो नांगर दरवर्षीं बोटभरच पुढें सरकवितो. ओरड करावी इतकें एका वर्षांत कांहीं दिसत नाहीं. आणि दहा वर्षांनीं पाहावें तों आपल्या दोन सऱ्या त्याच्या शेतांत गेलेल्या असतात. होऊन गेलेल्या कर्तबगार स्त्रियांना नायिका करून ज्या ऐतिहासिक प्रेमकथा लिहिल्या जातात, त्यांतल्या कांहीं लेखकांचा धंदा आम्हांस ह्याच जातीचा वाटतो. म्हणून त्याविषयीं चार शब्द स्पष्ट लिहिणें जरूर आहे.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकूं. प्रेमकथेला नाकें मुरडणाऱ्या पंडितांच्या पंक्तीला आम्ही बसत नाहीं. दिवसभर शेतांत, मागावर किंवा भात्यापुढें राबलेल्या माणसाला रात्रीं कोणी चांगली गोष्ट वाचून दाखविली तर तो झोप विसरतो. आणि तींत प्रेमाचा धागा असेल तर चुलीपुढची बाईदेखील भाकरी तव्यावर करपूं देते. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ सालीं पुस्तकरूपानें निघाली, तेव्हांपासून मराठी वाचकानें ऐतिहासिक कादंबरीवर माया केली आहे. त्या कादंबऱ्यांत पुष्कळ काळ गड, तरवारी आणि सरदारांच्या लेकी यांचेंच राज्य होतें. पुढें शाळेची, दवाखान्याची आणि कोर्टाची पायरी प्रथम चढलेल्या स्त्रियाही नायिका होऊं लागल्या. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' १९६८ सालीं आली. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत वारल्या, हें आज घरोघर ठाऊक आहे, त्यांत त्या कादंबरीचा वांटा मोठा आहे. चरित्र कपाटांत राहतें, कादंबरी उशाशीं येते. म्हणूनच कादंबरीची जोखीम जास्त.

बांध कोणता, तें आधीं ठरवूं. त्या बाईनें काय केलें, काय नाकारलें, ती कोणत्या घरांत जन्मली, कोणत्या सालीं कोठें होती आणि जन्मभर कोणतें काम करीत राहिली, हा बांध. त्याच्या आंत जी मोकळी जमीन आहे, म्हणजे ती घरांत काय बोलली असेल, निकालाच्या आदल्या रात्रीं तिला झोप लागली असेल कीं नाहीं, आईच्या कुशींत शिरून किती रडली असेल, ती सारी कादंबरीकाराची. तेथें त्यानें खुशाल पेरावें. बांधाला मात्र नांगर लावूं नये.

उदाहरण रखमाबाईंचें घेऊं. रखमाबाई ह्या मुंबईच्या सुतार समाजांतल्या, जन्म १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग लहानपणींच वारले. आई जयंतीबाई यांनीं पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नांवें केली आणि मग डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला. सुतार समाजांत विधवेच्या पुनर्विवाहाला मोकळीक होती म्हणून हें घडलें, आणि हें घडलें म्हणून रखमाबाई डॉक्टरच्या घरांत वाढल्या. अकराव्या वर्षीं त्यांचें दादाजी भिकाजी यांच्याशीं लग्न लागलें. पण त्या नांदायला गेल्या नाहींत. १८८४ सालीं दादाजींनीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळला. अपील झालें, खटला पुन्हां उभा राहिला, आणि १८८७ च्या मार्चांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला कीं, नांदायला जा, नाहीं तर सहा महिने तुरुंग भोगा. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करला, नांदणें पत्करलें नाहीं. टिळकांच्या 'केसरी'नें त्यांच्यावर टीका केली, तरी त्या हटल्या नाहींत. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं आपला हक्क सोडला.

आतां ह्या हकीकतींतून प्रेमकथा कशी काढावी? सोप्या वाटा दोन आहेत. एक, कोणी देखणा तरुण रचावा आणि त्याच्यासाठीं रखमाबाई नवऱ्याला नाहीं म्हणतात असें दाखवावें. दुसरी, दादाजींवर त्यांचें अंतरीं प्रेम होतेंच, घरच्या मोठ्या माणसांनीं ताटातूट केली, असें दाखवावें. दोन्ही वाटांनीं पुस्तक खपेल, आणि दोन्ही वाटांनीं रखमाबाई त्या पुस्तकांतून नाहींशा होतील. त्यांच्या नकाराचें बळ हेंच कीं, तो कोणा दुसऱ्या पुरुषासाठीं नव्हता. मला कळत नव्हतें त्या वयांत लागलेलें लग्न मला बांधीत नाहीं, एवढाच त्यांचा मुद्दा. ह्या मुद्द्यामागें यार उभा केला कीं दीडशें वर्षांनीं लेखकानें दादाजींना दावा जिंकून दिला म्हणावयाचें. आणि ती कादंबरी आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या हातीं पडली तर ती काय शिकेल? कीं बाईनें नाहीं म्हणावयाचें तर आधीं कोणी दुसरा हो म्हणणारा पाहिजे!

याचा अर्थ त्या आयुष्यांत मनाच्या गोष्टी नव्हत्या असा नव्हे. १९०४ सालीं दादाजी वारले, तेव्हां रखमाबाई विधवेचें पांढरें लुगडें नेसूं लागल्या, असें चरित्रकार सांगतात. हें काय होतें? लोकलाज? दया? रोग्यांच्या घरांत निर्वेधपणें जातां यावें म्हणून घेतलेली ढाल? कीं ज्याला नवरा मानलें नाहीं त्याच्याशीं आयुष्य बांधलें गेलें होतें, ह्याची कबुली? येथें इतिहास गप्प बसतो आणि कादंबरीकाराची पाळी येते. लाकडांत गांठ निघाली तर कच्चा सुतार लांबी भरून वर रंग फासतो. पक्का कारागीर गांठ राखून तिच्याभोंवतीं काम करतो, आणि पुष्कळदां त्या फळीची शोभा तीच होते. पांढरें लुगडें ही रखमाबाईंच्या आयुष्यांतली गांठ आहे. तिच्यावर 'खरें प्रेम कधीं मरत नाहीं' असा रंग फासणें हें कच्च्या हाताचें काम.

शिवाय अशी प्रेमकथा बहुधा निकालाच्या दिवशीं पडदा पाडते. रखमाबाईंचें काम तर तेथून पुढें सुरू झालें. १८८९ सालीं त्या विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेंत शिकल्या, १८९४ सालीं डॉक्टर झाल्या आणि परत येऊन आधीं सुरतेस व मग राजकोटास सुमारें पस्तीस वर्षें बायकांवर उपचार करीत राहिल्या. १९५५ सालीं नव्वदाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. चार वर्षांचा खटला तीनशें पानें खातो आणि पस्तीस वर्षांचा दवाखाना शेवटच्या दोन पानांत उरकतो, तेव्हां लेखकानें किती सऱ्या लाटल्या याचा हिशोब वाचकानेंच करावा.

सावित्रीबाई फुले यांच्यावर लिहितांना उलट पाप घडतें. तेथें लेखक हात जोडून उभा राहतो. मूर्ति होते, माणूस उरत नाहीं. सावित्रीबाईंचें लग्न १८४० सालीं नवव्या वर्षीं झालें, जोतीराव तेरा वर्षांचे होते. ह्या दोन मुलांनीं पुढें काय काय केलें तें सर्वांस ठाऊक आहे. पण सावित्रीबाईंनीं जोतीरावांना लिहिलेलीं १८५६, १८६८ आणि १८७७ सालचीं तीन पत्रें किती जणांनीं वाचलीं आहेत? पहिलें पत्र माहेराहून, नायगांवाहून, आजारपणांतलें आहे. भावानें तुम्ही नवराबायको वाईट मार्गाला लागलां असा ठपका ठेवला, त्याला त्यांनीं कसें गप्प केलें तें त्यांत आहे. तिसरें दुष्काळाच्या दिवसांतलें, ओतूरचें. दूर असलेली बायको नवऱ्याला आपलें भांडण, आपली युक्ति आणि आपलें काम निवांत कळविते, आणि त्याला तें समजेल अशी तिची खात्री असते. ह्याला प्रेम म्हणावयाचें नाहीं तर कशाला म्हणावयाचें? १८९० सालीं जोतीराव गेले तेव्हां अंत्ययात्रेंत टिटवें सावित्रीबाईंनीं स्वतः हातीं धरलें. चांदणें, गुलाब आणि सुस्कारे यांवांचून प्रेमकथा होत नाहीं असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हीं पत्रें समोर ठेवून बसावें.

आणि ज्यांना नाट्य पाहिजे त्यांच्यासाठीं मधलें, १८६८ चें पत्र आहे. गणेश नांवाचा ब्राह्मण पंचांग सांगत गांवोगांव फिरे. नायगांवास त्याचें सारजा नांवाच्या महाराच्या मुलीशीं प्रेम जडलें आणि तिला दिवस गेले. गांवाला कळलें तेव्हां लोकांनीं दोघांना मारीत मारीत गांवांतून फिरविलें. जीवच घ्यावयाचा बेत होता. सावित्रीबाई धांवत गेल्या, सरकारी कायद्याचा धाक घातला आणि दोघांना सोडविलें. दोघांनीं गांव सोडून जावें असें ठरलें, आणि सावित्रीबाईंनीं त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिलें. कादंबरीकारांनो, ह्याहून काय पाहिजे? प्रेम आहे, मरण समोर आहे, आणि तें मरण परतविणारी एक शिक्षिका आहे. पुण्याच्या वाटेवर तीं दोघें एकमेकांशीं काय बोललीं असतील, सारजाला पोटांतल्या जीवाची काळजी वाटली असेल कीं मागें राहिलेल्या आईची, हें पत्रांत नाहीं. तें तुमचें शेत. ह्या एका पत्रांतून दहा कादंबऱ्या निघतील, आणि बांधाला बोट लावावें लागणार नाहीं.

ताराबाई शिंदे यांच्याविषयीं तर लेखकानें फारच जपून असावें. बुलढाण्याच्या ह्या बाईंनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' छापली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि सगळ्या बायकांवर चिखल उडूं लागला, तेव्हां ताराबाईंची लेखणी पेटली. त्या पुस्तकांत त्यांनीं त्या काळच्या नाटककारांना व कादंबरीकारांनाही सोडलें नाहीं. बायकांचीं खोटीं चित्रें रंगविल्याबद्दल त्यांना खडसावलें आहे. ताराबाईंच्या घरगुती आयुष्याची माहिती थोडी मिळते, म्हणून लेखकाचा हात शिवशिवणार हें उघड आहे. पण आपल्याला नायिका करणाऱ्यालाही ह्या बाईनें आधींच जाब विचारून ठेवला आहे, हें त्यानें विसरूं नये. आणि त्यांच्या तोंडीं गुळगुळीत पुस्तकी भाषा घालूं नये. त्यांचें लिहिणें अंगणांत कंबर कसून भांडणाऱ्या बाईचें आहे.

कोणी म्हणतील, कादंबरी म्हणजे कांहीं बखर नव्हे. कल्पनेला कुंपण कशाला? त्यांना आमचें उत्तर सोपें आहे. कुंपण नको असेल तर नांवही घेऊं नका. नायिकेचें नांव गंगू ठेवा, रमा ठेवा, आणि तिला हवें त्याच्या गळ्यांत माळ घालावयास लावा. आम्ही आवडीनें वाचूं. पण रखमाबाईंचें नांव मुखपृष्ठावर घालून त्या नांवाचा मान विकत घ्यावयाचा आणि आंत दुसरीच बाई बसवावयाची, हा वजनाच्या कांट्याखालीं चिंच चिकटविण्याचा प्रकार झाला. रचलेलीं माणसें कोणतीं आणि खरीं कोणतीं, एवढें प्रस्तावनेंत प्रामाणिकपणें सांगितलें तरी अर्धी तक्रार मिटेल. तसेंच जात आणि धंदा पुसूं नका. रखमाबाई सुताराच्या घरच्या नसत्या तर त्यांच्या आईचें दुसरें लग्न झालें असतें काय? ती एक ओळ गाळली कीं साऱ्या गोष्टीचें मूळच उपटलें. आणि दादाजींना राक्षसही करूं नका. राक्षस एकटा मरतो, तो दावा ज्या कायद्यानें आणि रूढीनें उभा केला तीं मात्र निर्दोष सुटून जातात.

वाचकांनाही एक सांगणें आहे. अशी कादंबरी हातीं आली कीं तिला तीन प्रश्न विचारावे. बाईचें काम किती पानें आहे? तिच्या निर्णयाचें श्रेय कोणा पुरुषाला दिलें आहे काय? तिचें घर, तिची जात, तिचा धंदा जसा होता तसा आहे काय? उत्तरें बरीं आलीं तर पुस्तक घरांत मोठ्यानें वाचा, सुनांना वाचावयास द्या. नाहीं तर तें ज्यानें दिलें त्याला परत करा.

आणि याहून मोठें काम आपल्या हातांत आहे. सावित्रीबाईंचीं पत्रें राहिलीं म्हणून सारजा राहिली. तीं गहाळ झालीं असतीं तर ती कोणालाच कळली नसती. आपल्या गांवची पहिली शाळेंत गेलेली मुलगी कोण, पहिली मास्तरीण कोण, कोणत्या विधवेनें भाऊबंदांशीं भांडून जमीन राखली, कोणत्या कुंभारणीनें आवा लावून मुलगा शिकविला, हें म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि वहींत लिहून ठेवा: नांव, साल, गांव, काम. मुलाला किंवा मुलीला लिहावयास बसवा, म्हणजे त्यांचाही अभ्यास होईल. बांधावर दगड रोवलेला असला कीं शेजारी विचार करून नांगर घालतो. जेथें दगडच नाहीं तेथें सबंध शेत गेलें तरी कोणाकडे तक्रार करणार?