पाच रत्तीचं माणिक आणि माझी डेन्सिटी

"तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग नेटवर बघून एक चांगला खडा निवडून दे." दादाचा हा फोन आला तेव्हा मी मेसच्या रांगेत ताट घेऊन उभा होतो. साखरपुड्याच्या अंगठीत हिरा नको, लाल खडा हवा, असं होणाऱ्या वहिनीने सांगितलं होतं. हिरा काय, सगळ्यांच्याच बोटात असतो. दादाला ते पटलं, त्याच्या खिशालाही पटलं. सोनं आईच्या मोडक्या बांगडीचं वापरायचं ठरलं होतं, घ्यायचा होता तो फक्त खडा. बजेट बारा हजार. घरी कुणाला कळू नये म्हणून पार्सल होस्टेलच्या पत्त्यावर येणार होतं.

मित्रांनो, यापुढे जे झालं त्यात निम्मी चूक विकणाऱ्याची आणि निम्मी माझी. संपादक मंडळाने 'अनुभव लिही' म्हटलं होतं, पण मला अनुभवापेक्षा भांडायचंच जास्त आहे. तेव्हा हे मत म्हणूनच वाचा.

तीन रात्री जागून मी एक माणिक निवडलं. 'नॅचरल, ३.०६ कॅरेट, ५.०४ रत्ती, सर्टिफिकेटसह, किंमत अकरा हजार.' फोटोत डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यात वाद नाही. रत्तीचं मात्र गौडबंगाल आहे. जुनी रत्ती साधारण ०.१२ ग्रॅमची, आणि खड्यांच्या बाजारात ०.१८ ग्रॅमच्या आसपासचीही रत्ती चालते. म्हणजे तोच खडा एकाकडे पाच रत्ती आणि दुसऱ्याकडे साडेतीन रत्तीच्या आत! आमच्या विक्रेत्याने अर्थातच लहान रत्ती धरली होती. मलाही 'पाच रत्ती' वाचायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पार्सल आलं. कापसात गुंडाळलेला खडा आणि एटीएम कार्डाएवढं प्लास्टिकचं सर्टिफिकेट. ते देणाऱ्या प्रयोगशाळेचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, पण त्यावर 'नॅचरल कोरंडम' असं छापलं होतं आणि होलोग्रामही होता. परत पाठवायची मुदत सात दिवस. आता मी काय करायला हवं होतं? खडा उचलून सरळ एखाद्या जाणकाराकडे जायला हवं होतं. पण अंगात इंजिनिअर संचारला होता. शिवाय तो सबमिशनचा आठवडा. जर्नल पूर्ण झाल्यावर, म्हणजे पाचव्या दिवशी, केमिस्ट्रीच्या लॅब असिस्टंट काकांच्या हातापाया पडून बारीक तराजू मिळवला आणि आर्किमिडीजची पूजा मांडली. हवेत वजन ०.६१२ ग्रॅम, दोऱ्याने पाण्यात टांगून ०.४६० ग्रॅम. फरक ०.१५२. भागाकार ४.०३. पुस्तकात कोरंडमची घनता ४.०० दिलेली आहे. काच असती तर सहसा अडीचच्या आसपास, स्पिनेल असतं तर ३.६. रूममेटने नोटा तपासायचा जांभळा टॉर्च आणला, त्याखाली खडा लालबुंद चमकला. संपलंच की! मी दादाला फोन लावला, "खरा आहे. मी स्वतः सिद्ध केलंय."

स्पिनेलचं नाव मी उगाच घेतलं नाही. ब्रिटिश राजमुकुटात 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' म्हणून जो मोठा लाल खडा आहे, तो माणिक नसून स्पिनेल आहे. राजाला जे कळलं नाही ते मला कळलं, अशा थाटात मी तो शनिवार घालवला.

रविवारी कऱ्हाडला घरी गेलो. पेठेतल्या आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे दादा आणि मी. काकांनी खडा चिमट्यात धरला, दहापट भिंग डोळ्याला लावलं, दिव्याखाली एकदा इकडे एकदा तिकडे कलता केला. वेळ लागला असेल अर्धा मिनिट.

"कितीला घेतला रे?"

"अकरा हजार."

"काच भरलीय यात."

मी लगेच घनता सांगितली. काकांनी शांतपणे ऐकून घेतली आणि भिंग माझ्या हातात दिलं. "आत बारीक बुडबुडे दिसतात का बघ. आता खडा हळू फिरव. भेगेतनं निळसर चमक मारते ती दिसली? माणकात निळं कुठनं आलं?"

दिसली. त्यानंतर मी घनता काढली नाही.

हे काय प्रकरण आहे ते नंतर वाचून काढलं, आणि खरं सांगतो, करणाऱ्याच्या डोक्याला दाद द्यावीशी वाटली. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ज्यात थोड्या ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम बसलेलं असतं. लाल रंग त्या क्रोमियमचा. खाणीतून निघणारा बराच माल भेगांनी भरलेला, धुरकट, अंगठीत घालायच्या लायकीचा नसतो. साधारण २००४ पासून असा माल बाजारात एका नव्या रूपात येऊ लागला. तो तापवून त्याच्या भेगांत शिसं असलेली काच वितळवून भरतात. साधी काच चालत नाही. शिशामुळे काचेचा अपवर्तनांक माणकाच्या जवळ जातो, प्रकाश भेगेवर अडत नाही आणि भेग डोळ्यांना दिसेनाशी होते. धुरकट दगड डाळिंबाचा दाणा होतो. काही प्रयोगशाळा अशा खड्याला माणिक म्हणतच नाहीत, माणिक आणि काचेचं कंपोझिट म्हणतात. कंपोझिट्सवर मागच्या सेमला मला बऱ्यापैकी मार्क होते, हा आणखी एक विनोद.

माझी घनता का चुकली? ती चुकलीच नव्हती. खड्याचा मोठा भाग कोरंडमच आहे आणि शिशाची काचही जड असते, त्यामुळे आकडा चारच्या आसपास येणारच. कारखान्यात तयार केलेलं माणिक असतं तरी तोच आकडा आला असता आणि टॉर्चखाली तेही तसंच चमकलं असतं. मी उत्तर बरोबर काढलं, प्रश्न चुकीचा सोडवला. 'हे कोरंडम आहे का' हे कुणी विचारलंच नव्हतं. 'या कोरंडमचं काय केलंय' हे विचारायचं होतं.

काकांनी पुढचं सांगितलं ते जास्त लागलं. "आज मी बसवून देईन. दोन वर्षांनी माप सैल करायला आणाल. दुसऱ्या कुणाकडे न्याल, तो ज्योत लावेल, आम्लात बुडवेल, काच खराब होईल. तेव्हा पोरगी काय म्हणेल?" एवढंच कशाला, लिंबाच्या रसानेही ही काच खाल्ली जाते. साखरपुड्याच्या अंगठीने रोज कोशिंबिरीला लिंबू पिळायचं नाही, असं कुठली सून ऐकून घेईल?

परतीची मुदत शनिवारीच संपली होती. मी थाटात घालवला तोच शनिवार! तरी विक्रेत्याशी बोललो. त्याचं उत्तर तयार होतं. सर्टिफिकेटवर खाली बारीक अक्षरात 'एन्हान्स्ड' लिहिलंय, ते वाचलं नाही का? पानावरही अगदी तळाशी तो शब्द होता. एन्हान्स्ड! तापवून रंग सुधारणं हेसुद्धा एन्हान्समेंटच. बाजारातली बहुतेक माणकं तापवलेली असतात, आणि ते सांगून विकलं तर त्यात काही गैर मानत नाहीत. त्याच शब्दाखाली भेगाभर काच खपवायची ही लबाडी आहे, भले कायद्याच्या बोटात सापडो न सापडो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी परतीच्या अटी आणि मालाचा मूळ देश सांगणं विक्रेत्यांवर बंधनकारक केलं. त्या दोन्ही गोष्टी त्या पानावर होत्याही. काच मात्र तळाच्या एका शब्दात गडप.

घरी मामींचं मत पडलं की ऑनलाइन काही घेऊच नये. (माणिक सूर्याचं, पत्रिका न दाखवता घेतलं म्हणून असं झालं, हे त्यांचं दुसरं मत. ते सोडून देतो.) पहिलं मत मला मान्य नाही. दुकानातले पिवळे दिवे लाल खड्याला काय खुलवतात ते बघितलंय मी. आपण हॉलमार्क बघून निर्धास्त होतो, पण तो हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याबद्दल तो चकार शब्द बोलत नाही. आणि सोनारकाकांनी स्वतःच कबूल केलं की त्यांच्याकडेही खडे जयपूरहून पुडीतून येतात. फरक एवढाच की पुडी उघडल्यावर ते भिंग लावतात, आवडलं नाही तर परत पाठवतात, आणि पाठवणाऱ्याला यांचं गिऱ्हाईक टिकवायचं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की ऑनलाइन घ्या, पण काकांसारखं घ्या. रंगीत खडा हिऱ्यासारखा आकड्यांवरून घेता येत नाही. हिऱ्याला रंगाच्या आणि स्वच्छतेच्या सगळीकडे चालणाऱ्या श्रेणी आहेत. माणिक, नीलम, पाचू यांना तशी सर्वमान्य श्रेणी नाही. एकाचं 'पिजन ब्लड' दुसऱ्याच्या स्क्रीनवर टोमॅटो सॉस दिसतं. अहवाल तुम्हाला खडा कसला आहे आणि त्याचं काय केलंय एवढंच सांगतो. तो सुंदर आहे का, हे दिवसाच्या उजेडात हातावर ठेवूनच कळतं, आणि त्यासाठी परतीची मुदत हवी, ती वापरायची अक्कलही हवी. अहवालातली 'ट्रीटमेंट'ची ओळ आधी वाचायची, वजन नंतर. अहवाल मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया किंवा जीआयए अशा नाव असलेल्या संस्थेचा हवा. जीआयएचा अहवाल क्रमांक तर त्यांच्या साइटवर टाकून पडताळता येतो. आणि सगळ्यात स्वस्त परीक्षा म्हणजे किंमत. तीन कॅरेटचं, चांगल्या रंगाचं, काच न भरलेलं खाणीतलं माणिक लाखांत जातं. ते मला अकरा हजारांत मिळत होतं, आणि मी तराजू शोधत फिरत होतो!

आता अवघड भाग. दुकानाबाहेर येऊन दादा म्हणाला, "काकांना सांगू गुपचूप बसवून द्या. दिसायला छान आहे. तिला कशाला सांगायचं?" अकरा हजार त्याच्या पगारातले होते, साखरपुडा नऊ दिवसांवर होता. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. पण विक्रेत्याला लबाड म्हणून आम्ही दुकानाच्या पायरीवर तेच करायला निघालो होतो. त्याने निदान बारीक अक्षरात लिहिलं तरी होतं. आम्ही बराच वेळ भांडलो. दोन दिवस गेले. मग दादाने फोन केला. मी शेजारी बसलो होतो.

वहिनी फार्मसीवाली आहे. तिने सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला कळलं कधी?" दादा म्हणाला, "रविवारी." मंगळवार होता. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं, चौथ्या रविवारी नाही सांगितलंस."

खडा तिनेच सुचवला, कारखान्यातलं माणिक. फ्रान्सच्या व्हर्नेयने १९०२ मध्ये पावडर ज्योतीत वितळवून माणिक वाढवण्याची पद्धत जाहीर केली, तेव्हापासून ते बनतंय. आजोबांच्या एचएमटी घड्याळावर 'सतरा ज्वेल्स' लिहिलंय ना, ती हीच. १९६० मध्ये मेमनने जगातला पहिला लेसर चालवला तोही अशाच माणकाच्या दांड्यावर. रसायन तेच, काठिण्य तेच नऊ, भेगा नाहीत, काच नाही, आणि काकांनी मागवून दिलेला खडा पंधराशेच्या आत आला. आई अजून त्याला 'खोटा खडा' म्हणते. मला ते पटत नाही. जे आहे ते नाव सांगून घेतलं त्याला खोटा का म्हणायचं? खाणीतलं हवं असेल त्याने खाणीतलं घ्यावं, तसे पैसे मोजावेत. पण पावतीवर 'प्रयोगशाळेत तयार केलेले माणिक' असं काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय, आणि ती पावती वहिनीने अंगठीच्या डबीत घडी करून ठेवलीय.

अकरा हजारांचा खडा माझ्याकडे आहे. मेसमधून अर्धं लिंबू आणून एका रात्री तो वाटीत रसात बुडवून ठेवला. सकाळी पृष्ठभागावर जिथे जिथे भेगा होत्या तिथे पांढरट रेघांचं जाळं उमटलं होतं, आता भिंगाशिवायही दिसतं. कुणाला बघायचा असेल तर रात्री मेसनंतर खोलीवर या. माझ्या टेबलाच्या खणात आहे.