गुन्ह्यालाही एक मास्तर हवा

दिवाळीच्या फराळाबरोबर मराठी माणसाला खून लागतो. चकली तोंडात, अंक मांडीवर आणि अंकात निदान एक तरी प्रेत. त्याशिवाय सण साजरा झाल्यासारखा वाटत नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर आपल्या दोन पिढ्या पोसल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी शाळामास्तर असलो तरी कादंबऱ्या लिहितो आणि त्यांत दोन खून मीही पाडले आहेत. तक्रार वेगळीच आहे. ज्या घरात खुनाची गोष्ट इतक्या आवडीने वाचली जाते, त्याच घरातली मुलगी ‘मी गुन्हेगारीशास्त्राची प्राध्यापिका होणार’ असे म्हणाली, तर आईचा हात परातीतच थांबतो आणि वडील विचारतात, “म्हणजे फौजदार का?”

नाही हो, फौजदार नव्हे. वकीलही नव्हे. माणूस गुन्हा का करतो, समाज कशाला गुन्हा म्हणतो आणि कशाला व्यवहार म्हणून सोडून देतो, कोण आत जातो आणि कोण बाहेर राहतो, शिक्षा भोगून आलेल्याला गाव पुन्हा घेते की नाही, आणि ज्याचे घर लुटले त्याची पुढे कोण विचारपूस करतो, या गोष्टींचा जन्मभर, शांतपणे, पगार घेऊन अभ्यास करणारा व शिकवणारा माणूस. असा माणूस नांदेड-लातूरला हवा. पाहुणा म्हणून नको, तासावर नको, कायमचा हवा. एवढेच माझे म्हणणे आहे आणि ते मी जरा कडक शब्दांत मांडणार आहे.

आपण लातूरकर स्वतःला विद्येचे माहेरघर म्हणवतो. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर गेला. उद्योग भवनाच्या परिसरात फिरावे तर भिंतीभिंतीवर गुणवंतांचे चेहरे हसत असतात. आता याच विद्येच्या पेठेत काय घडले ते आठवा. जून 2018 मध्ये एका शिकवणीचालकाला भर शहरात गोळ्या घालून मारले आणि धंद्यातल्या चुरशीतून सुपारी दिली गेली असा आरोप पोलिसांनी ठेवला. जून 2024 मध्ये नीट परीक्षेच्या प्रकरणात दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेडच्या अधिकाऱ्याच्या फिर्यादीवरून लातुरात गुन्हा नोंदला गेला. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांना अटक झाली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. आरोप खरे की खोटे हे न्यायालयाने ठरवायचे. पण त्या दिवशी आमच्या शिक्षकखोलीत एकच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर ना वर्तमानपत्रात होते, ना पोलिसांच्या कागदांत. ज्या गावात आईबाप शेत गहाण ठेवून पोराला डॉक्टर करायला आणतात, त्या गावात परीक्षेभोवती गुन्ह्याचा बाजार कसा उभा राहतो?

अमेरिकेतल्या एडविन सदरलँड नावाच्या प्राध्यापकाने 1939 साली आपल्या व्यवसायबंधूंसमोर उभे राहून सांगितले होते की तुम्ही झोपडपट्टीतले चोर मोजता, पण इस्त्रीच्या सदऱ्यातला गुन्हा तुमच्या वहीत येतच नाही. ‘पांढरपेशा गुन्हेगारी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला. हे एखादा फौजदार बोलू शकला नसता. त्याला वरिष्ठ असतात. पुढारी तर बोललाच नसता. प्राध्यापक बोलला, कारण त्याची खुर्ची पक्की होती.

आणि नांदेड? एप्रिल 2022 मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घरासमोर गोळ्या घातल्या. त्यानंतर शहरात महिनोन्‌महिने खंडणीचीच चर्चा होती. पण दूर कुठेतरी बसलेल्या म्होरक्यासाठी आपल्याच गल्लीतले विशी-बाविशीचे पोर पिस्तूल का उचलते, याचा नीट माग कोणी काढायचा? तपास अधिकारी आरोपी शोधतो, आरोपपत्र देतो, आणि त्याची बदली होते. वार्ताहर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बातमीवर जातो. वीस वर्षे एकाच प्रश्नाला चिकटून बसणे हे मास्तरचे काम आहे.

कोणी म्हणेल, आता प्रयोगशाळा आहेत. आहेत. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे हळूहळू सर्वत्र सक्तीचे व्हायचे आहे. चांगलेच झाले. पण डाग कोणाच्या रक्ताचा हे प्रयोगशाळा सांगेल. त्या गावात बांधावरून दर दोन वर्षांनी रक्त का सांडते हे तिला विचारून काय उपयोग? दुसरा म्हणेल, नाशिकला पोलीस अकादमी आहे. तीही हवीच. तिथे माणूस कसा पकडावा हे शिकवतात. ज्या कायद्याने पकडतो तो कायदाच तपासून पाहणारा माणूस गणवेशाबाहेरचा लागतो.

या ठिकाणी मला आपल्याच मातीतली गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना माझा स्वर चढला तर वाचकांनी समजून घ्यावे. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जातीच्या जाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. आमच्या मराठी विद्वानांनीही त्याच चष्म्यातून पाहिले. ‘गावगाडा’ लिहिणारे त्रिंबक नारायण आत्रे हे मोठ्या निरीक्षणाचे गृहस्थ; पण त्यांच्याही एका पुस्तकाचे नाव ‘गुन्हेगार जाती’ असेच आहे. कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला, कपाळावरचा राहिला. मग 1987 साली ‘उचल्या’ आले. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड हे त्याचे लेखक. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या भागातून गुन्ह्याविषयी इतके खरे पुस्तक आले ते विद्यापीठाच्या विभागातून आले नाही. ज्यांना पोलीस रात्री-अपरात्री उचलून नेत त्यांच्या घरातून आले. आम्ही टाळ्या वाजवल्या, पुस्तक कपाटात ठेवले आणि वाडीत चोरी झाली की पुन्हा त्याच पालांकडे बोट दाखवायला मोकळे झालो. ‘उचल्या’नंतर प्रश्न वाङ्मयाचा राहिला नव्हता, विद्यापीठाचा झाला होता. ज्या समाजाला शंभर वर्षे अभ्यासाचा विषय केले, त्याच्या लेकराला अभ्यासकाच्या खुर्चीवर कोण बसवणार?

खुर्चीचा हिशेब फार कठीण नाही. आपले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी, मुक्तिसंग्रामदिनी, नांदेडला स्थापन झाले. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. यूजीसीच्या नेट परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. पदव्युत्तर पदवी, वर नेट, जमल्यास पीएच.डी. अशी वाट सरळ आहे. शिकायला मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आहे, जी 1936 साली निघाली आणि तुळजापुरातही आहे. मध्य प्रदेशातले सागर आहे, धारवाड आहे, मद्रास आहे. आमची हुशार पोरे तिथवर जातीलही. परत कुठे यायचे? कायद्याच्या महाविद्यालयात एक पर्यायी पेपर, समाजशास्त्रात एक पेपर, आणि तो शिकवायला तासावरचा माणूस.

या ‘तासावरच्या माणसा’विषयी दिवाळीच्या अंकात बोलू नये म्हणतात, मंगल दिवस असतात. मी बोलणार. कायम साहाय्यक प्राध्यापकाचे मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होते. तासावरच्याला जितके तास तितके पैसे, सुट्टीत शून्य, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची धास्ती. अशा माणसाने तुरुंग अधीक्षकाकडे परवानगी मागायला जायचे, कैद्यांशी महिनोन्‌महिने बोलायचे आणि एखाद्या संस्थाचालकाला आवडणार नाही असा निष्कर्ष छापायचा? तो छापणार नाही. त्याला दोष देऊ नका. त्याच्या घरीही दिवाळी आहे.

पक्की खुर्चीसुद्धा कधी कधी मोडतात, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत बर्कले विद्यापीठाची गुन्हेगारीशास्त्राची नामांकित शाळा होती. तिथल्या काही प्राध्यापकांनी पोलिसांवर आणि सरकारवर उघड टीका सुरू केली, वाद पेटला आणि 1976 मध्ये शाळाच बंद झाली. तिथे निदान बंद करण्याजोगे काही होते.

तुरुंगाचे नाव काढले की घरातली मंडळी दचकतात, विशेषतः मुलीचा प्रश्न असेल तर. पण आत कोण आहे ते पाहा. 2022 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या कैद्यांपैकी दर चारांत तीन कच्चे कैदी. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. टाटा संस्थेतून 1990 साली सुरू झालेला ‘प्रयास’ हा प्रकल्प अशांसाठीच काम करत आला आहे, आणि त्या कामात मुलीबाळी उतरल्या आहेत. आणि हा विषय परका, शहरी, विलायती असे म्हणणाऱ्यांनी ‘दो आँखे बारह हाथ’ आठवावा. शांतारामबापूंचा तो 1957 चा बोलपट ज्या प्रयोगावरून सुचला, तो औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे केला होता. कैद्यांना भिंतीशिवाय ठेवून पाहण्याचे धाडस एका लहानशा मराठी संस्थानाने केले. दोन जिल्ह्यांना मिळून चार प्राध्यापक ठेवण्याचे धाडस होऊ नये?

चार जागांचे मूळ वेतन वर्षाला अठ्ठावीस लाखांच्या आत बसते. भत्ते धरून वाढेल. दोन जागा नांदेडला, दोन लातूरला. एकाने परीक्षांचा आणि पैशांचा गुन्हा पाहावा, एकाने सावकारीचा व जमिनीचा, एकाने तुरुंगातून सुटलेल्यांचा आणि एकीने, होय, एकीनेच, घराच्या चार भिंतींआड होणाऱ्या गुन्ह्यांचा, ज्यांची फिर्याद आपल्या आयाबहिणी चुलीपलीकडे जाऊ देत नाहीत. जाहिरातीत पात्रता नियमाप्रमाणेच असावी. फक्त खाली एक ओळ वाढवा: उमेदवारास मराठीशिवाय गोरमाटी, दखनी किंवा पालावरची एखादी बोली येत असल्यास प्राधान्य.