इशारा मिळाला, तळ हलला नाही : हिमालयातील वसंताचा धोका

डेहराडून : हिमालयात हिमस्खलनाचा धोका कडाक्याच्या थंडीबरोबर ओसरत नाही, फेब्रुवारीअखेरीस तो रूप बदलतो. हिवाळ्यात साचलेल्या बर्फात ठिसूळ थर तयार झालेले असतात. त्यांवर पश्चिमी विक्षोभामुळे अल्पावधीत मोठी हिमवृष्टी झाली, की तीव्र उतारावरचा नवा थर सुटतो. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाने वितळलेले पाणी आत झिरपून थरांची पकड आणखी सैल करते.

उत्तराखंडमधील माणा येथे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे सीमा रस्ते संघटनेच्या तळावर हिमस्खलन होऊन ५४ कामगार अडकले. ४६ जण वाचले, आठ जणांचा मृत्यू झाला. चंडीगडच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेने आदल्याच दिवशी चमोली जिल्ह्यासाठी इशारा दिला होता. याच जिल्ह्यात सुमना येथे एप्रिल २०२१ मध्येही रस्तेकामगारांचा तळ बर्फाखाली गेला होता.

जिल्हा आणि उंचीनुसार दिलेला इशारा नेमका कोणता उतार सुटेल, हे सांगू शकत नाही. त्यामुळे तळ कोठे असावा आणि इशारा मिळताच तो कोणाच्या आदेशाने, किती वेळात रिकामा व्हावा, हे हंगामापूर्वीच ठरलेले असणे आवश्यक ठरते.

चारधाम यात्रा आणि सीमेवरील ठाण्यांसाठी रस्ते मोकळे करण्याची निकड याच आठवड्यांत असते. ती टळणारी नाही. मात्र कामगारांचा रात्रीचा मुक्काम हिमस्खलनाच्या वाटेपासून दूर ठेवणे यंत्रणेच्या हाती आहे.